भिंत आमची, त्रिकोण त्यांचे

लग्नपत्रिकांच्या कुठल्याही बऱ्यापैकी दुकानात आता वारलीचा वेगळा कप्पा असतो. गेरूच्या रंगाचा जाडसर कागद, त्यावर पांढऱ्या रंगात निघालेली वरात. पुढे वाजंत्री, मागे डोईवर कलश घेतलेल्या बाया, मध्ये पालखी नाहीतर घोडा, कडेला ताडाचं झाड. उघडलं की आत ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’. घरातल्या मोठ्यांना ती साधी आणि सोज्वळ वाटते, मुलांना ‘एथनिक’ वाटते, आणि छापणाऱ्याला त्या चित्रापोटी कुणालाही एक पैसा द्यावा लागत नाही. सगळेच खूश.

ज्या लग्नांतून हे चित्र आलं, तिथे ते कसं असतं? तलासरी, डहाणू, विक्रमगड, जव्हार या पट्ट्यात वारल्यांच्या घरी लग्न निघालं की कुडाची भिंत शेणामातीने सारवून, वर गेरू फिरवून तयार करतात. तांदूळ वाटून त्याचा पांढरा रंग करतात, बांबूची काडी टोकाला चावून तिचा कुंचला करतात, आणि सवाशिणी देवचौक लिहायला बसतात. आधी चौकोन. मग त्याच्या कडांनी एकात एक नक्षीचे पट्टे, साखळीचे, बाशिंगाचे. मधल्या जागेत पालघट देवी, आणि तिच्या सोबतीला सूर्य-चंद्र, शिडी, फणी, झाडं. शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव. लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाईच. ती गाते, आणि गाण्यातून देवांना बोलावते. चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही. आपल्या पत्रिकेवर वाजंत्री आले, वऱ्हाड आलं, झाडंझुडपं आली. देवी तेवढी तिकडेच राहिली.

यावर मला पावित्र्यभंगाची ओरड करायची नाही. देवी पत्रिकेवर आली नाही हे बरंच झालं, कारण पत्रिका शेवटी रद्दीत जाते. माझी तक्रार दुसरी आहे. या चित्रांच्या बाबतीत मोकळीक कुणाला आणि बंधन कुणाला, याची वाटणी पार उलटी झाली आहे. ज्यांच्या सात पिढ्यांत कुणी चौक लिहिला नाही, ते ही चित्रं पडद्यावर छापतात, मगवर छापतात, कुर्त्यावर, पणतीवर, दाराच्या पाटीवर छापतात, हव्या त्या रंगात, हवी तशी कापून. त्यांना कुणी हटकत नाही. आणि ज्यांच्या आज्या-पणज्यांनी चौक लिहिले, त्यांनी ब्रश हातात घेतला की मात्र आपण परीक्षकाच्या खुर्चीत बसतो. पार्श्वभूमी गेरूचीच हवी. माणसं त्रिकोणाचीच हवीत. मोबाइल नको, मोटरसायकल नको, निळा रंग तर नकोच. ‘अस्सल’ पाहिजे.

हे अस्सल म्हणजे नेमकं काय, याचा विचार करायला जिव्या सोमा मशे यांच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. १९३४ साली जन्मलेला, डहाणू तालुक्यातल्या गंजाडला राहणारा, शेती करणारा हा माणूस. लहानपणी आई गेली आणि त्यानंतर बराच काळ तो बोलतच नव्हता, मातीत रेघोट्या काढून सांगायचा, ही हकीकत त्यांच्याबद्दल नेहमी सांगितली जाते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात फिरले आणि भिंतीवरचं चित्र कागदावर आलं. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत मशे यांच्या चित्रांचं प्रदर्शन झालं, १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या गाजलेल्या जागतिक प्रदर्शनात त्यांची चित्रं होती, २०११ साली पद्मश्री. २०१८च्या मे महिन्यात ते गेले.

आता या माणसाने काय केलं ते पाहा. चौक सवाशिणींनी लिहायचा, लग्नाला लिहायचा, भिंतीवर लिहायचा. सण सरला, की तो आपोआप पुसट होत जायचा. मशे पुरुष. त्यांनी चित्र काढलं ते लग्नाविना, रोज, मनाला येईल तेव्हा. त्यांच्या कागदावर पालघटच्या जागी गोष्टी आल्या, शेतं आली, मुंग्यांची वारुळं आली, आणि मासेमारीची ती प्रचंड जाळी आली. त्या जाळ्यांकडे जवळून पाहावं. मोठ्या कापडावर बारीक पांढऱ्या रेघांची वीण इकडून तिकडे पसरत जाते, कुठे घट्ट, कुठे सैल, आणि रेघ एकसारखी कुठेच नाही, कारण काडीतला रंग संपत येतो तशी ती पातळ होते आणि पुन्हा बुडवल्यावर जाड. जाळं पाण्यात हलतंय असं वाटतं ते त्यामुळे. संगणकावर एकाच जाडीची रेघ ओढून केलेल्या ‘वारली प्रिंट’मध्ये हे कधीच येत नाही. तिथे जाळं लोखंडाच्या जाळीसारखं ताठ उभं असतं.

म्हणजे ज्याला आपण वारली चित्रकलेचा महापुरुष मानतो, त्याने परंपरेतले जवळजवळ सगळे नियम मोडले होते. कुणी, कधी, कशावर, काय काढायचं, हे चारही. राहिली ती फक्त रेघ आणि त्रिकोण. हे त्यांना करता आलं कारण ती परंपरा त्यांच्या घरातली होती आणि तिच्यात बदल करायला त्यांनी कुणाची परवानगी मागितली नाही. वारसा हातात असलेल्या माणसाचा पहिला हक्क हाच असतो, की तो वारसा त्याने हवा तसा वाकवावा. आणि आज त्यांच्या नातवाच्या वयाच्या पोरापोरींना आपण हाच हक्क नाकारतो आहोत, तोही मशे यांचंच नाव पुढे करून.

यात एक हिशोब मात्र मशे यांच्या मोठेपणामुळेही झाकला गेला. हेच भास्कर कुलकर्णी त्याआधी, १९६०च्या दशकात बिहारमध्ये दुष्काळ पडला असताना हस्तकलांसाठी काम करणाऱ्या पुपुल जयकर यांच्या सांगण्यावरून मिथिलेत गेले होते. तिथल्या बायका लग्नाच्या खोलीत, कोहबरात, भिंतीवर चित्रं काढायच्या. त्यांना कागद दिला गेला, आणि पुढे नावं झाली ती त्याच बायकांची. जगदंबा देवींना १९७५ साली पद्मश्री, सीता देवींना १९८१ साली, गंगा देवींना १९८४ साली. मशे यांना पद्मश्री मिळाली त्याच २०११च्या यादीत महासुंदरी देवी होत्या. मिथिलेतही चित्र बायकांचं, वारल्यांतही चित्र बायकांचं. तिकडे बाजार आला तेव्हा बायका पुढे आल्या, इकडे पुरुष. डहाणू परिसरातले आजचे नावाजलेले वारली चित्रकार आठवून पाहा, यादीत बहुतेक पुरुषच निघतील. सवाशिणींच्या पिढ्या गेल्या, भिंती गेल्या, एकीचंही नाव आपल्याला ठाऊक नाही. आज काही मुली आणि सुना चांगलं काम करताहेत, पण बऱ्याचदा घराच्या नावाखाली. वारसा कुटुंबाचा असतो हे म्हणायला गोड वाटतं, पण कुटुंबात सही कोण करतं हे विचारलं की गोडी जराशी कमी होते.

असो. बाहेरच्यांकडे वळू.

शहरात पुलांचे खांब, शाळांच्या कुंपणभिंती, रेल्वे स्टेशनं, सरकारी कचेऱ्यांचे जिने इथे गेल्या काही वर्षांत वारलीचा सडा पडला आहे. स्वच्छ सर्वेक्षणाचा हंगाम आला की महापालिकांना भिंती रंगवायची घाई होते. कंत्राट चौरस फुटावर निघतं. कंत्राटदार एक पोरगा आणतो, पोरगा स्टेन्सिल आणतो, आणि संध्याकाळपर्यंत पन्नास फूट भिंतीवर नाच सुरू होतो. नाचणाऱ्यांची ती नागमोडी गोलाकार माळ तुम्ही पाहिलेली असेल. ती तारपा नाचाची. तारपा म्हणजे वाळलेला दुधी आणि बांबू यांचं फुंकून वाजवायचं वाद्य. वाजवणारा मधोमध असतो, नाचणारे त्याच्या तालावर फिरतात आणि त्याच्याकडे पाठ करत नाहीत. पुलाच्या खांबावरची माळ बघा एकदा थांबून. खांबाची रुंदी संपली म्हणून माळ मध्येच तुटलेली असते, आणि बहुतेक वेळा तारपावालाच कापला गेलेला असतो. माणसं कशावर नाचताहेत, देव जाणे. बायांच्या डोक्यावरचा अंबाडाही गेलेला असतो, त्यामुळे बाई कोण, पुरुष कोण, तेही कळत नाही. भिंतीच्या खालच्या कोपऱ्यात मात्र प्रभागाचं नाव, नगरसेवकाचं नाव आणि ‘स्वच्छ शहर सुंदर शहर’ ठळक अक्षरात.

चित्रकाराचं नाव नसतं, कारण चित्रकार नसतोच.

यावर पहिला आक्षेप येतो तो ठरलेला: कला सगळ्यांची असते. त्रिकोणावर कुणाची मालकी कशी असेल? आणि लोक आवडीने काढतात, त्यात त्या कलेचा गौरवच नाही का? या आक्षेपात तथ्य आहे, म्हणून तो झटकून टाकता येत नाही. शैली कुणाच्या बापाची नसते. ब्राह्मणाच्या मुलाने वारली काढू नये, वारल्याच्या मुलीने भरतनाट्यम करू नये, अशी वाटणी करायला निघालो तर आपण जातीची कुंपणंच नव्याने बांधू. पण मग गाण्यात आपण काय करतो ते आठवा. किराणा किंवा जयपूर घराण्याची गायकी दुसऱ्या कुणी गाऊ नये असं कुणी म्हणत नाही. गाणारा मात्र गुरूकडे वर्षानुवर्षं बसलेला असतो, आणि बंदिश कुणाची ते सांगताना कानाच्या पाळीला हात लावतो. त्या कानाला हात लावण्यात सगळं आलं: मी हे कुणाकडून घेतलं, ते मला ठाऊक आहे, आणि तुम्हालाही ठाऊक असावं. वारलीच्या बाबतीत आपला हात कानाकडे जातच नाही. शाळेतल्या चित्रकलेच्या तासाला ‘दोन त्रिकोण टोकाला टोक लावा, वर गोल काढा, झाला माणूस’ एवढ्यात वारली शिकवून संपते. पालघर जिल्ह्यात या नावाची माणसं राहतात, ती आपल्यासारखीच एसटीने आणि लोकलने प्रवास करतात, हे त्या तासाला कळत नाही.

दुसरं उत्तर असतं कायद्याचं. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, मग आता काय अडचण आहे? अडचण अशी की हा कायदा नावाला राखतो, नक्षीला राखत नाही. परमुलखात केलेला माल ‘वारली चित्र’ म्हणून, जणू तिथल्याच कारागिरांनी केलाय असं भासवून कुणी विकला तर त्याला आडवं जाता येतं, तेही खटला चालवायची ऐपत असेल तर. पण नाव न घेता तीच वरात, तोच नाच, तेच ताडाचं झाड सुरतेच्या कापडावर हजारो मीटर छापलं, तर हा कायदा फारसा उपयोगी पडत नाही. कॉपीराइटचा कायदा व्यक्तीला ओळखतो. मशे यांनी स्वतः काढलेलं चित्र जसंच्या तसं कुणी छापलं तर त्यांच्या वारसांना २०७८ सालच्या अखेरपर्यंत हक्क सांगता येईल, कारण हक्क मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. पण कुठल्या तरी पाड्यावरच्या कुठल्या तरी सवाशिणीने लिहिलेल्या चौकाला कर्ता नाही, तारीख नाही, आणि म्हणून हक्कही नाही. कायद्याच्या लेखी तो चौक जणू आभाळातून पडला.

हे सगळं आपल्याला एरवी चांगलं कळतं. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा महाराष्ट्र कसा पेटून उठला होता! कोल्हापुरीला २०१९ साली मानांकन मिळालेलं आहे, ती कारागिरी शतकांची आहे, आमच्या कारागिरांचं नाव का नाही, त्यांना काय मिळालं, असे प्रश्न घरोघर विचारले गेले. कंपनीला अखेर प्रेरणा भारतीय हस्तकलेची होती हे मान्य करावं लागलं. प्रश्न अगदी रास्त होते. फक्त तेच प्रश्न तलासरीच्या एखाद्या माणसाने आपल्याला विचारले तर? नाव का नाही? आम्हाला काय मिळालं? आपल्या दिवाणखान्यातल्या पडद्याकडे बोट दाखवून? तलासरीपुरते आपण प्राडाच आहोत, आणि आपल्याला तर पत्र पाठवून जाब विचारणारंही कुणी नाही.

इथे एक आडवाट. मला नेहमी नवल वाटतं की मराठी मध्यमवर्गाला भिंतीसाठी, पत्रिकेसाठी वारलीच का लागते. आपल्या घरात चित्र नव्हतं असं थोडंच आहे? चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत अंगणात रोज चैत्रांगण काढलं जायचं. मखरात किंवा झोपाळ्यावर बसलेल्या गौरी, शंख-चक्र-गदा-पद्म, तुळशीवृंदावन, कासव, नाग, अंबारीचा हत्ती, गाईची पावलं, फणी-करंडा, सूर्य-चंद्र. शिरगोळ्याची पांढरी रांगोळी चिमटीतून सोडायची, रेघ तुटू द्यायची नाही. हीही बायकांची चित्रलिपी, हीही दिवसभरात पायाखाली पुसली जाणारी, हीही कुठल्या सहीविना. त्यात फणी आहे, सूर्य-चंद्र आहेत. सवाशिणींचा चौक आणि आजीचं चैत्रांगण फार लांबची नाती नाहीत. पण चैत्रांगण आपण सोडून दिलं. अंगण गेलं, फ्लॅटच्या दारासमोर स्टिकर आला. आजीला विचारायचं राहून गेलं. आणि मग ‘मुळांशी नातं’ दाखवायची हौस आली तेव्हा दुसऱ्याच्या घरातलं चित्र आणलं, जे तयार मिळतं, स्वस्त मिळतं, आणि ज्यात जातीची, सोवळ्याओवळ्याची अवघड आठवण नाही. आपला वारसा दाखवायचा तर त्यातल्या गैरसोयीच्या गोष्टीही दाखवाव्या लागतात. दुसऱ्याचा वारसा नुसता सजावटीला घेता येतो.

आणि वारल्यांच्या वारशात गैरसोयीच्या गोष्टी काही कमी नाहीत. ज्या लग्नाच्या चित्राने आपण पत्रिका सजवतो, त्याच लग्नाने वारल्यांच्या पिढ्या गुलाम केल्या. लग्नापुरते थोडके पैसे जमीनदाराकडून घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्याकडे राबायचं. कर्ज फिटायचं नाहीच. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरीला वारल्यांची परिषद भरली, लाल बावट्याखाली, किसान सभेच्या शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने, आणि वेठबिगार करणार नाही अशी शपथ घेतली गेली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. हा इतिहास ज्या जिल्ह्यात घडला तिथल्या किती सरकारी भिंतींवर तो वारली चित्रांत आहे? भिंतीवर असतो तो नाच. सणासुदीचा, सुगीचा, कायम आनंदात असलेला आदिवासी. जमीन न मागणारा, दाखल्यासाठी कचेरीत हेलपाटे न घालणारा.

आणि हे चित्र आजचंही सांगत नाही. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्ग पालघर जिल्ह्यातून जातो. डहाणूजवळ वाढवणला ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाचं बंदर होतंय, ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली, आणि तिथल्या मच्छीमारांनी, शेतकऱ्यांनी, आदिवासींनी त्याला वर्षानुवर्षं विरोध केलेला आहे. बंदर हवं की नको हा वेगळा लेख होईल. मला म्हणायचंय ते एवढंच की, वारली चित्र हे जर खरोखर वारल्यांच्या जगाचं चित्र असेल, तर त्यात पोकलेन आलं पाहिजे, जमीन मोजणारा सर्वेअर आला पाहिजे, सकाळी मुंबईला कामाला निघालेल्यांनी भरलेली डहाणू लोकल आली पाहिजे. काही चित्रकारांनी ते आणलंही आहे. गंजाडच्या राजेश वांगड यांनी छायाचित्रकार गौरी गिल यांच्यासोबत केलेलं काम बघावं. गिल यांनी काढलेल्या काळ्यापांढऱ्या फोटोंवर वांगड यांनी आपल्या बारीक रेघांनी त्या जागेची आठवण लिहिली. फोटोत रिकामं माळरान दिसतं. रेघांत तिथे आधी काय होतं, कोण राहत होतं, काय तोडलं गेलं, ते दिसतं. फोटोला जे दिसत नाही, ते घरच्या माणसाला दिसतं. वारसा म्हणजे काय, याचं उत्तर मला त्या चित्रांत जितकं मिळतं तितकं कुठल्याही मानांकनाच्या दाखल्यात मिळत नाही.

पण असं चित्र घेऊन कुणी हस्तकला मेळ्यात स्टॉल लावला तर गिऱ्हाईक काय म्हणतं? ‘हे वारलीसारखं वाटत नाही हो. ते नाचवालं नाही का?’ मग नाचवालं काढावं लागतं. ट्रेवर, कोस्टरवर, किचेनवर. त्या पैशात घर चालतं, त्यामुळे त्याला नाक मुरडायचा अधिकार मला नाही. किचेन रंगवणं हलकं काम नाही, ते काम आहे. प्रश्न हा आहे की, किचेनपलीकडचं काही करायची सोय आपण ठेवली आहे का?

कोकणात पिंगुळीला ठाकर समाजातल्या घरांनी वेगळी वाट काढली. चित्रकथीच्या पोथ्या, म्हणजे रामायण-महाभारतातल्या कथांची हाताने रंगवलेली सुटी चित्रं, एकेक करून प्रेक्षकांपुढे धरायची आणि गाऊन कथा सांगायची, हा त्यांचा पिढीजात धंदा. अशा चित्रांचे गठ्ठे संग्रहालयांत गेले, पण तिथे ती मुकी झाली, कारण गाणारा सोबत गेला नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीतल्या परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यातच संग्रहालय केलं, पोरांना बाहुल्या नाचवायला आणि कथा गायला शिकवलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे जाणाऱ्याला चित्र बघायला मिळतं ते त्या घरच्या माणसाच्या हातात आणि त्याच्या आवाजासकट. फोटो काढून पडदा छापायचा तर आधी त्या माणसाच्या डोळ्यांत बघावं लागतं. तो पहारा कुठल्याही कायद्यापेक्षा चोख आहे, असं मला वाटतं. पण प्रत्येक घराला गोठ्याचं संग्रहालय करता येणार नाही, आणि वारल्यांची संख्या पाहता एका घराचा उपाय सगळ्यांना पुरणारही नाही.

म्हणून मागणी सरकारकडे आणि पालिकांकडेच करावी लागते, आणि ती फार मोठी नाही. सार्वजनिक पैशाने भिंतीवर वारली चित्र काढायचं असेल तर ते वारली चित्रकाराकडूनच काढून घ्यावं, आणि कोपऱ्यात नगरसेवकाच्या जागी त्याचं किंवा तिचं नाव आणि गाव असावं. चौरस फुटाचा दर बंद करावा. रंगाऱ्याला तो लावतात, चित्रकाराला मानधन देतात. विषय चित्रकाराने ठरवावा, आणि त्याने तलवाड्याचा गोळीबार काढायचा ठरवला तर अधिकाऱ्याने फाइल परत पाठवू नये. काम देताना घरातल्या कर्त्या पुरुषाला बोलावून मोकळं होण्याऐवजी बायकांची नावं विचारावीत. आणि ज्या पालिकेला हे सगळं जिकिरीचं वाटतं, तिने भिंतीला साधा पांढरा रंग द्यावा. किंवा आपल्या वॉर्डातल्या आज्यांना बोलावून चैत्रांगण काढून घ्यावं, त्या अजून आहेत तोवर.

बाहेरच्या चित्रकारांना, हौशी मंडळींना काही बंदी घालावी असं मला वाटत नाही. काढा, शिका, पण शिका कुणाकडून तरी, आणि त्याचं नाव सांगा. कानाला हात लावायला पैसे पडत नाहीत.

राहता राहिली ती मोकळीक, ज्याबद्दल मी सुरुवातीपासून बोलतोय. तिचा एक भाग आपल्याला पचायला सगळ्यात जड जाईल. उद्या विक्रमगडची एखादी मुलगी कला महाविद्यालयातून शिकून बाहेर पडेल आणि म्हणेल की मला त्रिकोण काढायचेच नाहीत. तिला तैलरंगात स्वयंपाकघराच्या ओट्यावरची वांगी रंगवायची असतील, किंवा नुसते निळे ठिपके, किंवा काहीच न रंगवता फिल्म करायची असेल. आजवरचा अनुभव असा की अशा मुलीला बोलावणी येतात ती ‘आदिवासी कला’ या नावाच्या दालनात, तारपा वाजवणाऱ्यांच्या शेजारी, आणि परिचयपत्रात तिच्या कामाआधी तिची जमात छापलेली असते. वांगी रंगवणाऱ्या कोकणस्थ मुलीला कुणी विचारत नाही की यात तुमची संस्कृती कुठे दिसते. विक्रमगडच्या मुलीलाही ते विचारू नये. तिने वांगी चांगली रंगवली आहेत का, एवढंच बघावं, आणि वाईट रंगवली असतील तर तसं तोंडावर सांगावं.